डॉक्टरांना कोणी सांगितलं

आमच्या घरी नारळ स्वयंपाकघरात खवत नसत. आई खवणी घेऊन मागच्या पडवीच्याही पलीकडे, लाकडं रचून ठेवली होती तिथे आडोशाला बसायची. पावसाळ्यात डोक्यावर पोतं घ्यायची, पण आत यायची नाही. विहिरीच्या रहाटाला ती दर चार दिवसांनी खोबरेल लावी. दारांच्या कड्यांना तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि फळीवर पितळेची ताटं ठेवताना दोन ताटांच्या मधे फडकं घालायची तिची पद्धत होती. पूर्वी ती मशीनवर शिवणकाम करायची. मशीन देऊन टाकलं आणि हाताने टीप घालू लागली. सगळ्यांच्या घरी असंच असतं, असं मी धरून चालले होते. शेजारच्या मैत्रिणीकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा तिच्या आईच्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं, गरगर फिरत राहिलं. मी दचकून मैत्रिणीच्या वडिलांकडे पाहिलं. ते शांतपणे भात कालवत होते. त्या जेवणातलं दुसरं काहीही मला आठवत नाही.

आवाजाचा त्रास माझ्या वडिलांना होता. मी त्यांना अण्णा म्हणत असे. अण्णा भारताकडून ऑलिम्पिकमध्ये हॉकी खेळले होते. रत्नागिरीत हॉकी कोणाला फारशी ठाऊक नव्हती, त्यामुळे ते काहीतरी मोठं आहे एवढंच लोकांना कळे. लहानपणी अण्णा मुंबईला चुलत्याकडे गेले, चुलता गोदीत होता, तिथल्या मैदानावर पोरं खेळायची, त्यांत हेही उतरले. खेळामुळे नोकरी लागली, खेळामुळेच देशाबाहेर गेले. मग डोकेदुखी सुरू झाली. साहेबाशी भांडणं होऊ लागली. मी सहा वर्षांची असताना लवकर पेन्शन घेऊन ते आम्हा दोघींसह गावी परत आले. शहराच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या कडेला आमचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. घरात आम्ही तिघंच.

चांगल्या दिवसांतले अण्णा मला सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. चांगल्या दिवशी ते सकाळी सायकलवरून बंदरावर जात आणि स्वतः मासळी घेऊन येत. बांगडे असले तर साफही तेच करायचे. आई वाटण करून द्यायची, पण बांगड्यांचं तिखलं त्यांच्या हातचं. कोकम किती टाकायचं यावरून दोघांची लुटुपुटीची वादावादी व्हायची आणि आई मुद्दाम हरायची. दुपारी ऊन उतरलं की ते मला सड्यावर न्यायचे. जांभ्याचा काळा कातळ, मधे मधे सुकलेलं गवत, कुठे खळगा, कुठे उंचवटा. तिथे चेंडू कधी सरळ यायचाच नाही. माझ्या मापाची स्टिक त्यांनी स्वतः तासून केली होती. ते म्हणत, "इथे अडवलास तर जगात कुठेही अडवशील. फक्त डोळे मिटायचे नाहीत, बाय. मिटलेस की संपलीस."

ते बचावाचे खेळाडू. पण त्यांचं खरं काम शॉर्ट कॉर्नरला असे. ज्यांना हॉकी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरच्या संघाला शॉर्ट कॉर्नर मिळाला की त्यांच्यातला एकजण गोलच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा तो थांबवतो आणि तिसरा सगळी ताकद लावून गोलकडे मारतो. बचाव करणारे गोलच्या रेषेवर उभे असतात. चेंडू ढकलला गेला की त्यांनी त्या मारणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं. सर्वांत पुढे जो धावतो तो अण्णा. म्हणजे सुटलेला चेंडू आधी त्यांना लागायचा. पोटऱ्या, मांड्या, छाती, खांदे, आणि डोकं. एकदा मुंबईतल्या सामन्यात चेंडू डाव्या कानशिलावर बसला, ते बेशुद्ध पडले, शुद्धीवर आल्यावर टाके घालून उरलेला सामना खेळले. ही गोष्ट ते फार आनंदाने सांगायचे. मीही ती वर्गात आनंदाने सांगायचे. पुढे तेहेतीस वर्षं मी नर्सची नोकरी केली. आता ती गोष्ट मी कुणाला सांगत नाही. परवा टीव्हीवर मुलींचा सामना चालू होता. शॉर्ट कॉर्नरला बचावाच्या मुली घाईघाईने तोंडावर जाळीचे मुखवटे चढवत होत्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच गॅस पुसत बसले.

वाईट दिवस आला की आईला आधी कळायचं. अण्णा डाव्या कानशिलावर तळहात दाबून बसत. बोलणं तुटक होई. मग एखादं भांडं वाजलं, कुणी हाक मारली, बाहेर कुत्रं भुंकलं, की ते उठत आणि समोर जे माणूस असेल त्याला मारत. समोर बहुतेक वेळा आईच असे, कारण ती मला मागच्या दाराने बाहेर काढून स्वतः समोर जाऊन उभी राहायची. दोनदा मी सापडले. एकदा पाठीवर, एकदा कानाखाली. ओरडायचं नाही हे मला आईने शिकवलेलं होतं. ओरडलं की ते आणखी चिडत. थोड्या वेळाने ते आतल्या खोलीत जाऊन झोपत आणि उठत ते चांगले होऊन उठत. त्यांना काहीही आठवत नसे. हे मी आज समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. खरोखरच आठवत नसे. आईच्या दंडावरचा वळ बघून ते विचारत, "हे काय गो झालं?" आई सांगायची, "रहाटाचा दांडा लागला." मग ते तिच्यावर रागावत, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून, आणि स्वतः हळद गरम करून लावत. त्यांच्या मांडीवर आईचा हात आणि ते फुंकर घालतायत, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. आई त्या वेळी भिंतीकडे पाहत असायची.

मी चौदा वर्षांची असताना आमच्या शाळेत मुलींच्या हॉकीचे आंतरशालेय सामने भरले. आमचा संघ अण्णांच्या नावामुळेच उभा राहिला होता, असं म्हटलं तरी चालेल. खेळ शिकवायला एक बाई होत्या, त्यांना नियम पुस्तकातून माहीत होते, बाकी मी अण्णांकडून शिकलेलं मुलींना दाखवायचे. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, "बक्षीस द्यायला तुझे वडील येतील का विचार." मी घरी येऊन आधी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "त्यांना सांगू नको. बाईंना सांग, बरं नाही म्हणून."

"पण बरं आहे की. महिना झाला, काही नाही झालं."

"तिथे पोरं ओरडणार, शिट्ट्या वाजणार. नको, बाय. माझं ऐक."

मी ऐकलं नाही. वर्गातल्या मुली मला विचारायच्या की तुझे वडील एवढे मोठे, तर शाळेत कधी कसे येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सड्यावर अण्णांना परस्पर सांगून टाकलं. ते चेंडू हातात घेऊन नुसते हसले. घरी येऊन त्यांनी ट्रंकेतून आपला निळा कोट काढला. खिशावर भरतकाम केलेलं चिन्ह होतं, त्याचा एक धागा सुटला होता. त्यांनी तो आईपुढे धरला. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुई-दोरा घेऊन बसली.

सामन्याच्या दिवशी अण्णा पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते. आई त्यांच्या मागे, बायकांच्या बाकावर. मी मैदानात. समोरचा संघ संगमेश्वरकडून आला होता. अर्धा खेळ होईपर्यंत सगळं ठीक होतं. मी दोनदा वळून पाहिलं, अण्णा पुढे वाकून सामना बघत होते, हातांची बोटं हलत होती. मग संगमेश्वरच्या संघाला शॉर्ट कॉर्नर मिळाला. आम्ही गोलच्या रेषेवर उभ्या राहिलो. मुलं आरडाओरडा करू लागली, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. शिट्टी झाली, त्यांच्या मुलीने चेंडू ढकलला, आणि माझ्या डाव्या अंगाने कोणीतरी निघून गेलं. निळा कोट दिसला म्हणून मला कळलं. ते खुर्चीवरून उठून दोरीखालून आत कधी शिरले, कुणी पाहिलं नाही. चाळीस पार केलेला माणूस एवढ्या वेगाने धावू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. चेंडू मारायला उभी असलेली मुलगी खाली बघत होती. तिने स्टिक मागे नेली होती. अण्णा पूर्ण वजनानिशी तिच्यावर आदळले.

तिचा उजवा हात कोपराच्या वर मोडला. तो आवाज मी ऐकला. ती किंचाळू लागली तसे अण्णा तिची स्टिक उचलून उभे राहिले आणि चारी बाजूंना बघत "मागे व्हा, मागे व्हा" म्हणू लागले. मी जवळ गेले. "अण्णा, मी आहे," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, आणि स्टिक उगारली. दोन शिक्षकांनी त्यांना मागून धरलं. आई तोवर येऊन पोचली होती. तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाली, "अहो, झालं. संपला सामना." त्यांनी स्टिक खाली टाकली.

त्या मुलीचे वडील शेतकरी होते. पांढरी टोपी हातात घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत ते बसले होते. शाळेने बोलावलेला हवालदार कागद घेऊन तयार होता. शेवटी ते आईला म्हणाले, "मला कोरटात जायाचं नाय. माणूस बरा नाय तो, दिसतंच. पन तुमी त्याला दाखवा. आज माज्या पोरीचा हात मोडला, उद्या कोनाचा जीव जाईल." आईने मान डोलावली. हवालदारही तेच म्हणाला, आजच्या आज दाखवा, नाहीतर मला लिहावं लागेल.

दाखवायचं म्हणजे कुठे, हे आमच्या गावात कुणाला विचारावं लागत नाही. बाहेरच्या लोकांना रत्नागिरी म्हटलं की आंबा आठवतो, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. आम्ही मुलं भांडताना एकमेकांना त्याच्याच नावाने चिडवायचो. त्या इस्पितळाबद्दल मला वाईट काही सांगायचं नाही. तिथे आम्हांला भेटलेले डॉक्टर वयस्कर होते, मऊ बोलत. त्यांनी अण्णांना आत तपासलं, मग आम्हांला दोघींना बोलावलं. अण्णांना पलीकडच्या खोलीत बसवलं होतं. ते पार निवळले होते. बक्षीस समारंभ केव्हा आहे, म्हणून विचारत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "असं पूर्वी कधी झालंय?"

आई म्हणाली, "नाही."

"घरी रागावतात? कुणावर हात उचलतात?"

"नाही. डोकं दुखतं कधी कधी. बाकी माणूस सोन्यासारखा आहे."

"बाई, नीट आठवून सांगा. तुम्ही जे सांगाल त्यावरून मी ठरवणार. आज जे झालं ते एकदाच झालं असेल तर गोळ्या देऊन घरी पाठवतो. वरचेवर होत असेल तर ठेवून घ्यावं लागेल."

"एकदाच," आई म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या कानात अजून त्या मुलीचं किंचाळणं होतं. आई बोलत असताना तिच्या पोलक्याच्या बाहीखालचा पिवळा पडलेला वळ मला दिसत होता. मी म्हटलं, "मारतात. आईला मारतात. मलापण मारलंय. नंतर त्यांना आठवत नाही."

आईने माझा हात धरला नाही, गप्प बस म्हणून डोळे वटारले नाहीत. ती बाकावर बसली. डॉक्टरांनी थोडा वेळ लिहिलं. मग ते आईला म्हणाले, "बाही जरा वर करा." तिने केली.

आम्ही दोघी चालत घरी आलो. आईने पेज केली, सुकट भाजली. आम्ही जेवलो. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझे केस विंचरून घट्ट वेण्या घातल्या तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. तेव्हाही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी भेटायची परवानगी मिळाली. आईने घावणे आणि नारळाची चटणी डब्यात घेतली. अण्णा व्हरांड्यात बाकावर बसले होते, केस बारीक कापलेले, अंगात तिथले कपडे. मला पाहून त्यांनी जवळ घेतलं. अभ्यास कसा चाललाय विचारलं. आईने डबा उघडून पुढे ठेवला. ते खाईनात.

"इथे म्हणतात मी बायकोला मारतो," ते म्हणाले. "कागदात तसं लिहिलंय. मी डॉक्टरांना सांगितलं, माझ्या हातून मुंगी मेली नाही. मी तुला हळद लावत आलो इतकी वर्षं." मग ते आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहायला लागले. "डॉक्टरांना कोणी सांगितलं हे?"

मी तोंड उघडलं होतं. आई म्हणाली, "मी."

"तू?"

"हो. मी सांगितलं."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. आपल्या बायकोने आपल्यावर खोटा आळ घेऊन आपल्याला वेड्यांत टाकलं, एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी डबा बंद करून बाजूला सारला. इस्पितळाच्या फाटकाबाहेर आल्यावर मी रडायला लागले. "मी सांगते त्यांना, मी सांगितलं म्हणून." आई थांबली. रस्त्यावर माणसं होती म्हणून ती हळू आवाजात बोलली. "त्यांना कोणावर तरी राग धरायचाच आहे. तो माझ्यावर धरू दे. तुला अजून शिकायचंय, मोठं व्हायचंय. यात तू परत बोलायचं नाहीस." मग म्हणाली, "खरं होतं ते. मला बोलता आलं नाही, एवढंच." त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही.

अण्णा आठ महिन्यांनी घरी आले. औषध रोज घेत. त्यांनी पुन्हा कधीही कोणावर हात उगारला नाही, म्हणजे डॉक्टरांचं बरोबरच होतं, आणि माझंही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते संथ झाले होते. बोलताना जीभ जड व्हायची. सड्यावर त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही आणि मीही स्टिक माळ्यावर टाकून दिली. माझ्याशी ते प्रेमाने वागत. आईशी कामापुरतं बोलत. तिने वाढलेलं ताट उचलून पडवीत नेत आणि तिथे एकटे जेवत. औषधाची गोळी तिच्या हातून घेत नसत, मी द्यायची. मी नर्सिंगला मुंबईला गेले तेव्हा गोळ्या मोजून पुड्या बांधून, त्यांवर वार लिहून ठेवल्या. आई त्या त्या वाराची पुडी त्यांच्या उशाशी ठेवायची आणि खोलीतून बाहेर जायची. तरीही ती त्यांचे कपडे धुवायची, आंघोळीचं पाणी काढायची, केस कापायला न्हाव्याला घरी बोलवायची. असं बावीस वर्षं चाललं. नोकरीत पुढे कधीतरी एका मोठ्या डॉक्टरांना मी अण्णांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, डोक्यावर इतके मार बसले की मेंदूला इजा होते, त्यात त्या माणसाचा दोष नसतो, कोणाचाच नसतो. मी मान डोलावली. ज्या माणसावर दोष ठेवला गेला होता ती माझी आई त्या वेळी रत्नागिरीत पडवीत बसून कोकमं फोडत असणार, हे त्यांना कसं सांगणार.

अण्णांच्या शेवटच्या आजारात मी रजा घेऊन आले. सकाळची वेळ होती. त्यांनी मला जवळ बोलावलं, हात हातात घेतला. त्यांना श्वास पुरत नव्हता, थांबून थांबून बोलत होते. "बाय, तू माझ्या बाजूने होतीस. तेवढं एक बरं झालं. नाहीतर मी त्या वेळीच संपलो असतो."

आई दारात उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांची होते मी, स्वतःच्या पायांवर उभी, आता मला कशाची भीती नव्हती. अण्णा, असं म्हणून मी सुरुवातही केली. आईने मान हलवली, नाही म्हणून. मी थांबले. तिने नको म्हटलं म्हणून थांबले, की मलाही तो हात सुटायला नको होता म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

दुपारी त्यांची घरघर सुरू झाली. शेजारच्या वहिनींनी तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी आणलं आणि वाटी आईपुढे धरली, तिचाच तो मान म्हणून. आईने वाटी घेतली, एक पाऊल पुढे आली, आणि मग वळून ती माझ्या हातात दिली.

"तू घाल," ती म्हणाली. "माझ्या हातचं त्यांना चालायचं नाही."

मी त्यांच्या ओठांवर पाणी सोडलं. आई पायथ्याशी उभी राहून, घशाखाली उतरतंय का ते बघत होती.